चाकांवरच्या घरातली वायर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला कॅम्परव्हॅनवरचा लेख वाचला. पडदे, घडीचा पलंग, छतावरचे सोलर, सगळे आले. वायरीबद्दल अवाक्षर नाही. बेस्टच्या बसगाड्यांच्या वायरिंगवर मी ३१ वर्षे काढली, त्यामुळे मला दुसरे काही दिसतच नाही असे घरचे म्हणतात.

माझ्या पुतण्याने जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आणि एका गॅरेजात तिचे घर करून घेतले. इन्व्हर्टर १००० वॉटचा, प्युअर साइन वेव्ह (म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा), उत्तम. काशीदच्या पहिल्याच मुक्कामी सूनबाईने सोलकढीसाठी खोबरे वाटायला मिक्सर लावला, आणि बॅटरी संपल्याची शिटी मारून इन्व्हर्टर बंद. बॅटरी तर भरलेली! मी फोनवर म्हटले, वायरीला हात लावून बघ. गरम.

५०० वॉटचा मिक्सर घरी २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअर घेतो. तोच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा तर ४५-५० अँपिअर लागतात, मोटर उचलताना आणखी. (बसला २४ व्होल्ट असतात, तिथे हे निम्म्यावर येते.) बॅटरी मागच्या दाराशी, इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या पाठीशी, मध्ये सहा एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद सहा चौरस मिलिमीटर) वायर, जाऊन-येऊन दहा मीटर. एवढ्यात दीड व्होल्ट गळतो. २३० मधून दीड गेला तर कोणाला पत्ता लागत नाही. १२ मधून गेला की इन्व्हर्टरला बॅटरी मेल्यासारखी वाटते. बॅटरीपाशी फ्यूजही नव्हता. ती वायर पत्र्याला घासून सोलली असती तर गाडीत वेल्डिंगच सुरू झाले असते.

मी इन्व्हर्टरच उचलून बॅटरीजवळ आणला. पण तिच्या पेटीत नाही, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, तो ठिणगीने पेटतो. लोहार चाळीतून ३५ एमएमची केबल आणली, दोन्ही बाजू मिळून दीड मीटर पुरली. टोकांना लग (जोडणीच्या धातूच्या कड्या) नीट दाबून घेतले, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १२५ अँपिअरचा फ्यूज टाकला. लांबची वायर आता २३० च्या बाजूला, तिथे साधी चालते.

गॅरेजवाल्याला विचारले तर म्हणाला, "काका, घरात एसीला हीच वायर टाकतो की!" त्याच्या बिलात इन्व्हर्टरचे वॉट होते, एलईडी पट्टीचे फूट होते, वायरिंगपुढे फक्त 'एकरकमी'. गाडी बनवायला देणाऱ्यांनी तिथे एमएम, मीटर आणि फ्यूजचे अँपिअर आगाऊ लिहून घ्यावेत, एवढे आपण छापावे.

– एक निवृत्त वायरमन, काळाचौकी, मुंबई