प्रशिक्षणाला निघालेल्या मोटारीचा विमा : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
मोटार विमा व कामगार धोरण

महोदय,

नोकरीचा भाग म्हणून ठरलेल्या प्रशिक्षणाला जो कर्मचारी स्वतःची मोटार घेऊन जातो, त्याचा तो प्रवास विम्याच्या दृष्टीने खासगी की कामाचा, या एकाच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रश्न किरकोळ वाटेल; परंतु बहुतेकांना त्याचे उत्तर अपघात झाल्यावरच शोधावे लागते, आणि तोवर पॉलिसीत बदल करण्याची वेळ निघून गेलेली असते.

सारा घोळ ‘वापराची मर्यादा’ या कलमात आहे. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विम्यात वापराचे साधारणतः तीन प्रकार मानतात : वैयक्तिक व घरगुती वापर, घर ते कामाचे एक कायम ठिकाण अशी ये-जा, आणि त्यापलीकडचा कामासाठीचा वापर. प्रशिक्षण केंद्र हे घर नव्हे आणि रोजचे कार्यालयही नव्हे, म्हणून तिथला प्रवास वर्षातून एकदाच होत असला तरी तो बहुधा तिसऱ्या प्रकारात धरला जातो. ज्याने अर्ज भरताना कामावर ये-जा करण्याच्या पर्यायापुढे खूण केली, त्याने काहीही लपवलेले नसते. प्रशिक्षणाला जाणे म्हणजे कामावरच जाणे, असे तो सरळ मनाने समजत असतो.

भारतातील प्रचलित खासगी मोटार पॉलिसीची रचना याच्या उलट आहे. भाड्याने किंवा मोबदला घेऊन चालवणे, नमुने व वैयक्तिक सामान वगळता इतर मालाची वाहतूक, शर्यत, वेगचाचणी, मोटारींच्या खरेदी-विक्री वा दुरुस्तीच्या धंद्याशी निगडित वापर असे अपवाद नोंदवून बाकी सर्व वापर त्यात ग्राह्य धरला जातो. ही रचना मला अधिक न्याय्य वाटते, कारण काय चालणार नाही एवढेच ती सांगते आणि उरलेल्याची चिंता विमाधारकावर टाकत नाही. तरीही ‘मोबदला’ या शब्दापाशी शंका उरतेच. संस्थेने किलोमीटरमागे प्रवासखर्च दिला, किंवा त्याच प्रशिक्षणाला निघालेल्या तिघा सहकाऱ्यांनी इंधनाचा खर्च वाटून घेतला, तर तो मोबदला ठरतो काय? ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याने सहप्रवाशांपुरते याचे उत्तर दिले आहे. आठपेक्षा अधिक प्रवाशांसाठी नसलेल्या वाहनात, नफा न घेता, आधी ठरवून खर्च वाटून घेतला, तर तेवढ्यावरून तो भाड्याचा प्रवास ठरत नाही. असा खुलासा प्रत्येक ठिकाणच्या नियमांत असायला हवा.

वापराच्या कलमाबाहेर अपघात झाला, तर रस्त्यावरील जखमी व्यक्तीला कायद्याच्या आधारे बहुधा भरपाई मिळते, आणि ते योग्यच आहे. मात्र ती रक्कम मोटारमालकाकडून वसूल करण्याचा मार्ग विमा कंपनीला अनेकदा मोकळा असतो, आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचे नुकसान तर त्यालाच सोसावे लागू शकते. म्हणजे वरिष्ठांच्या आदेशावरून शिकायला गेलेला माणूस कर्जात बुडण्याची वेळ येते, आणि ज्या संस्थेच्या लाभासाठी तो शिकत होता, तिला कोणी विचारतही नाही.

मी स्वतः अशा अनेक प्रशिक्षणांना मोटारीने गेलो आहे. सूचनापत्रात वेळ, ठिकाण, सोबत आणायची कागदपत्रे आणि गाडी उभी करण्याची जागा, सर्व काही असे. विम्याविषयी मात्र एकदाही एक ओळ आढळली नाही. शेवटी मीच विमा कंपनीला दूरध्वनी केला, तेव्हा पहिल्या प्रतिनिधीने ‘चालेल’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘वेगळा हप्ता लागेल’ असे सांगितले. दोघांपैकी कोणीही लेखी द्यायला तयार नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी की, नोकरी देणाऱ्या संस्थेच्या सूचनेवरून प्रशिक्षण, कार्यशाळा किंवा परीक्षेसाठी केलेला प्रवास, त्यात विक्रीचा माल किंवा भाड्याचे प्रवासी नसतील तर, सामान्य खासगी वापरातच मोडतो, असे वाक्य प्रमाणित पॉलिसीत घालावे. प्रत्यक्ष खर्चाइतका प्रवासभत्ता मोबदला समजू नये. आणि कर्मचाऱ्याला स्वतःच्या मोटारीने पाठवणाऱ्या संस्थेने विमा तपासल्याची नोंद ठेवावी. या प्रवासामुळे जोखीम खरोखर वाढते, असे विमा कंपन्यांचे म्हणणे असेल, तर त्यांनी तसा जादा हप्ता जाहीर करावा आणि तो प्रशिक्षणाला पाठवणाऱ्या संस्थेने भरावा. हे नियम होईपर्यंत, विमाधारकाने विचारल्यास ठराविक दिवसांत लेखी उत्तर देण्याचे बंधन तरी कंपन्यांवर घालावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
स्वतःच्या मोटारीने प्रशिक्षणाला जाणारा एक कर्मचारी