जुन्या स्टेशन वॅगनचे आधी पाटे पाहा, मग इंजिन

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

जुन्या मोटारींच्या जतनाविषयी आपल्या दैनिकात अलीकडे जो मजकूर आला, त्यात रंगकाम, क्रोमचे बंपर आणि आसनांची शिलाई यांचे कौतुक पुष्कळ होते. गाडीच्या खालच्या अंगाविषयी मात्र एकही ओळ नव्हती. खानदेशातील काही जुन्या घरांत आणि गुदामांत ॲम्बॅसॅडरची इस्टेट, म्हणजे मागे लांब छत व उघडणारे दार असलेली स्टेशन वॅगन, अजून उभी आहे. तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस वाढत असताना कोणते काम आधी करावे आणि कायदा त्यातले काय मान्य करतो, या दोन्ही बाबतींत मोठा गोंधळ आहे. म्हणून हे पत्र.

बहुतेक मालक सुरुवात इंजिनापासून करतात. मूळ १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे दमदार डिझेल इंजिन बसवले की काम झाले, असा समज आहे. पण या गाडीचा मागचा ॲक्सल, म्हणजे मागची चाके जोडणारा आडवा दांडा, केवळ दोन बाजूंच्या पाट्यांवर (एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगवर) बांधलेला असतो. वजन पेलणे, ॲक्सल जागेवर धरून ठेवणे आणि चाकांना मिळणाऱ्या ताकदीचा पीळ सोसणे ही तिन्ही कामे त्या पाट्यांनाच करावी लागतात. जास्त ताकदीचे इंजिन बसवून चाळीसगावहून कन्नडचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागले, की थकलेला पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो, डिफरन्शियलचे (ॲक्सलच्या मधल्या, चाकांना ताकद वाटणाऱ्या दातेरी पेटीचे) तोंड वर उचलले जाते आणि खालून धाडधाड आवाज येतो. त्यानंतर गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे हलते सांधे, तुटतात आणि दोष मात्र क्रॉसच्या कंपनीला दिला जातो.

तेव्हा आधी पाटे उतरवावेत. पाट्याचे थर मधोमध धरणारा सेंटर बोल्ट झिजला आहे का, यू-बोल्टचे आटे शाबूत आहेत का, पाट्याचे टोक टांगणाऱ्या शॅकलचे (कडीचे) बुश अंडाकृती झाले आहेत का, हे हाताने तपासावे. बसलेला पाटा थंडच ठोकून त्याला कमान काढून देणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ आहेत. अशी कमान फार दिवस टिकत नाही. पाटा तापवून, कमान देऊन, नीट पाणी देणारा (तापलेले पोलाद विझवून कणखर करणारा) लोहार सापडला तरच ते काम करावे, अन्यथा नवे पाटे घालणे स्वस्त पडते. वॅगनची अडचण अशी, की रिकामी आणि भरलेली यांतील वजनाचा फरक साध्या मोटारीपेक्षा बराच जास्त असतो. सरसकट जादा पाटा घातला तर रिकामी गाडी सुरत-नागपूर महामार्गावरच्या प्रत्येक जोडावर उडते. त्याऐवजी भार पडल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा आणि त्याला साजेसे टेलिस्कोपिक शॉकअब्सॉर्बर हा उपाय मला अधिक शहाणपणाचा वाटतो. पुढच्या बाजूस पाट्यांऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे, आहेत. ते काढण्यापूर्वी डाव्या-उजव्याची खूण करून ठेवावी आणि दोन्हीकडची उंची सारखी करून मगच चाकांची दिशा जुळवावी.

याहून महत्त्वाचे म्हणजे ॲम्बॅसॅडरला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. बॉडी हीच तिची चासी. पाट्याचे मागचे टोक ज्या पत्र्याला धरलेले असते, तो पत्रा गंजलेला असेल तर त्यावर नवे पाटे टांगण्यात काही अर्थ नाही.

इंजिन बदलायचेच असेल, तर नव्वदच्या दशकात ॲम्बॅसॅडर बनवणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सने स्वतःच या गाडीत १८१७ सीसीचे इसुझु इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिला होता, हे लक्षात घ्यावे. कारखान्याने एकदा जमवून दाखवलेली जोडी ही परक्या डिझेलपेक्षा केव्हाही बरी. पाचव्या गिअरमुळे महामार्गावर इंजिन कमी फेऱ्यांत चालते. मात्र नव्या बॉक्सच्या लांबीप्रमाणे शाफ्ट कापून तो बॅलन्स करून घ्यावा लागतो आणि दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे ठेवावे लागतात. डिफरन्शियलचे दात किंवा टायरचा आकार बदलला, तर स्पीडोमीटर खोटे सांगू लागतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते. ब्रेक ड्रमचेच राहणार असतील, तर वाढीव ताकदीचा मोह आवरावा हेच बरे.

आता कायद्याविषयी. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. चासी, बॉडी अथवा इंजिनात फेरफार केलेला नसावा, अशी त्यात अट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चे, म्हणजे गाडीतील फेरफारांवरचे, बंधन आहेच, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. हे तत्त्व मला मान्य आहे. पण पाटे, शॉकअब्सॉर्बर, बुश आणि ब्रेक यांच्या सुधारणेला फेरफार म्हणायचे की दुरुस्ती? आणि जिची बॉडी हीच चासी आहे, त्या गाडीचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, तर ती मूळ स्वरूपातली राहिली की नाही? याचे उत्तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतावर अवलंबून राहू नये. परिवहन विभागाने मान्य दुरुस्त्यांची यादी मराठीत प्रसिद्ध करून ती धुळे, जळगाव व नंदुरबार येथील कार्यालयांत लावावी, ही विनंती.

ती यादी येईपर्यंत मालकांनी उतरवलेले मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारात देऊ नयेत. इंजिन क्रमांकाची पट्टी सुटू न देता, तेल लावून, झाकून ठेवावेत. कामाआधीची व नंतरची छायाचित्रे आणि लोहाराच्या पावत्याही नोंदणीच्या कागदांसोबत जपाव्यात.

आपला विश्वासू,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)