सूचना : बेसिनजवळचा टॉवेल आणि कूलरचं पाणी

सर्व सभासदांना नमस्कार. बेसिनजवळचा एकच टॉवेल सगळे वापरतात आणि तो दिवसभर ओलाच असतो. डोळे येण्याची साथ अशाच टॉवेलवरून पसरते. तो आजपासून काढतोय. आपापला रुमाल आणा. हात साबणाने २० सेकंद तरी धुवा, उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

दुसरं, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या. पाणी ओतून दिलं की काम झालं, असं मीही समजायचो. पण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की ८-१० दिवसांत डास तयार! म्हणून दर आठवड्याला कडा घासायच्याच. येत्या शनिवारी घासणी घेऊन या.