देवासमोरची उदबत्ती विझवणाऱ्या मेस्तांना

गोव्यातल्या माशेलचे मेस्त, म्हणजे गाड्यांचे मिस्त्री, यांना सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, हे तुमच्या शेडमध्ये थोडा वेळ बसलेल्या कोणालाही कळेल. गाडीच्या दुरुस्तीबद्दल तोंडावर आभार मानायला गेलो तर तुम्ही "हातूंत कितें आसा" म्हणून हात झटकलेत. म्हणून हे जाहीर पत्र. आता झटकून दाखवा.

आमची गाडी म्हणजे बाबांची १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी. गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची, जीडीने सुरू होणारी नंबरप्लेट अजून तिच्यावर आहे. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. कंपनीने नाव बदलून जमाना झाला तरी बाबांच्या तोंडी ती 'फियाट'च. तिला पेट्रोलचा वास यायला लागला आणि आमची गॅरेजवारी सुरू झाली.

त्या वारीबद्दल थोडं बोलतोच, कारण त्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. एकाने सांगितलं, जुन्या गाडीला वास यायचाच. दुसऱ्याने फिल्टर बदलला आणि क्लिप अशी काही आवळली की फिल्टरचं प्लास्टिकचं तोंडच चिरलं. मग त्या चिरेवर एम-सील थापून दिलं. पणजीच्या बाजूच्या एका मोठ्या वर्कशॉपात काचेची केबिन होती, थंड पाणी होतं, बसायला सोफा होता. तिथला सुपरवायझर बोनेटवर वाकला तेव्हा त्याच्या बोटांत पेटलेली सिगारेट होती. इंजिनावर पेट्रोल ठिबकतंय आणि हा गृहस्थ बाजूला राख झटकतोय! वर बाबांना उपदेश: "काका, मुंबईत टॅक्सीवाल्यांनीसुद्धा पद्मिनी सोडली, तुम्ही कशाला धरून बसलाय?" मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, हे खरं. पण ती टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. फिल्टर बसवणारा कोणी सापडला नाही म्हणून नव्हे.

बाबा त्या दिवशी परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत. मला ते अजून सलतं.

त्यानंतर मे महिन्यातल्या भर उन्हात आम्ही डिचोलीहून म्हार्दोळला म्हाळसेच्या दर्शनाला निघालो. आमोण्याचा पूल ओलांडला, खांडोळा मागे पडलं आणि माशेल यायच्या आत वास इतका वाढला की आईने पदर नाकाला लावला. तुमची पत्र्याची शेड दिसली तिथे गाडी वळवली. एका पिकअपखालून तुम्ही बाहेर आलात, नाक वर करून एकदाच वास घेतलात आणि म्हणालात, "काका, चावी काडात आनी सगळीं भायर येयात."

बोनेट उघडायला तुम्ही पुढे व्हाल असं मला वाटलं होतं. तुम्ही उलट शेडमध्ये गेलात. कोपऱ्यात गणपतीची तसबीर होती आणि तिच्यापुढे उदबत्ती जळत होती, नुकतीच लावलेली, लांबलचक. तुम्ही चप्पल काढलीत, हात जोडलेत, ती उदबत्ती उचलून खालच्या राखेत टेकवलीत, विझली का ते बोटाने चाचपून पाहिलंत आणि मग गाडीकडे आलात. एक शब्द बोलला नाहीत.

आई काजूच्या झाडाखालच्या बाकावर बसून हे बघत होती. ती या बाबतीत फार कडक आहे. देवासमोरचं काही विझलेलं तिला खपत नाही. पण घरी आल्यावर तिने शेजारणीला सांगितलं ते असं: "फुंकर नाही मारली हो त्याने. राखेत टेकवली." दिव्याला, उदबत्तीला फुंकर मारू नये, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवतात. तुमच्याही घरात शिकवलं असणार. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत लांबच्या विस्तवापर्यंत पोचते, हे मी वाचलेलं आहे. त्या सिगारेटवाल्यानेही वाचलं असेल. त्याच्या भिंतीवर तशी पाटीसुद्धा होती. तुम्ही मात्र ज्याच्यासमोर सकाळी हात जोडता त्याची उदबत्ती आमच्यासाठी विझवलीत, आणि तीही त्याचा मान राखून. आम्ही कोण तुमचे? वाटेवरचं गिऱ्हाईक.

दुरुस्तीचं मी काय सांगणार? चिरलेला फिल्टर गेला, कडक झालेला पाईप गेला, नवीन क्लिपा आल्या. पण काढलेला पाईप तुम्ही बाबांच्या हातात दिलात आणि वाकवून बघायला सांगितलंत. वाकवल्याबरोबर त्याच्यावर बारीक भेगा उमटल्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या पद्धतीच्या रबराला मानवत नाही, टाकीच्या तळाची जुनी घाणही ते सोडवून आणतं आणि ती फिल्टरमध्ये येऊन बसते, हे सगळं तुम्ही त्यांना बैजवार समजावलंत. बाबा बँकेत नोकरीला होते, त्यांना हिशेब लागतो. बाकीच्यांनी त्यांना वय ऐकवलं होतं, गाडीचं आणि आडून त्यांचंही. कारण सांगणारे तुम्ही पहिले.

इथे थोडं भरकटतो. १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात थेट परदेशातून आलेल्या मर्सिडीझ, ओपेल मुक्तीनंतरही गोव्यात टॅक्सी म्हणून धावत होत्या. सुटा भाग मिळायची पंचाईत, तरी धावत होत्या. त्या कोणी चालवल्या? आमच्याकडे मेस्त म्हटला की तो गवंडी असो, सुतार असो वा गाडीवाला, माणसं त्याच्यावर घर सोपवून निवांत होत, ते त्याच्या हातातल्या कसबामुळे आणि तितकंच त्याच्या वागण्यामुळे. हल्ली आपण सोफा आणि थंड पाणी बघून गाडी देतो. मीही त्यातलाच.

काम झाल्यावर तुम्ही इंजिन चालू ठेवून पाईपभोवती कोरडं कापड फिरवलंत, ते बाबांना दाखवलंत आणि मगच पैशांचं बोललात. वस्तूंची किंमत आणि वर इतकी थोडी मजुरी, की बाबांनी रागाने जास्तीची नोट पुढे केली. तुम्हीही रागानेच परत केलीत. म्हाळसेची आरती आम्हाला वेळेवर मिळाली.

आता मुद्द्याचं. चवथीला डिचोलीला आमच्या घरी यायचं, घरच्यांना घेऊन. आईने खतखत्याचा बेत आत्तापासून ठरवला आहे आणि तुम्ही त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. बाबांचा निरोप वेगळा आहे: येताना पान्यांचा डबा बरोबर आणा, कार्बोरेटर जरा बघायचा आहे. कोणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा, मी मध्ये पडणार नाही.

आपला,
बाबांच्या फियाटचा ड्रायव्हर