हिरवी दिसणारी मिरची मेलेली असते, मंत्रिमहोदय

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात मांजरा नदीकाठच्या गावांत बचत गटाच्या बाया किंवा दोन-चार कुटुंबं मिळून वीस-तीस गुंठ्यांत भाजीपाला करतात. हे पत्र त्यांच्या वतीने. अतिवृष्टीनंतर पंचनामा झाला, ‘पीक उभे, नुकसान 33 टक्क्यांच्या आत’ असा शेरा पडला, म्हणजे मदत नाही. फेरपाहणीचा शब्द मिळाला, पण पुन्हा कोणी फिरकलं नाही.

काळ्या भारी रानात पाणी दोन दिवस तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही. आधी अन्न-पाणी ओढणारी पांढरी मुळी मरते. वर पानं आणखी चार-पाच दिवस हिरवी राहतात. मग ऊन तापलं की झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं आणि आठवड्याभरात उभं वाळतं. एक झाड उपटून पाहा. मुळी तपकिरी झालेली असते, साल चिमटीत धरून ओढली की सोलून हातात येते. एवढं बघायला मिनिटभर पुरतं. पण पंचनामा बांधावरूनच होतो!

चर काढून पाणी बाहेर काढायचं, वापसा आला, म्हणजे माती भुसभुशीत ओलीवर आली, की 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक घेऊन आळवणी करायची, म्हणजे ते झाडाच्या बुडाशी ओतायचं, हे सगळं इथं केलं जातं. मल्चिंगच्या, म्हणजे वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या, कागदाखाली मात्र वापसा लवकर येत नाही, आणि तोवर मिरचीत मर रोग शिरला तर ओळच्या ओळ जाते.

मेथी-कोथिंबिरीचं उलटं. पानावर चिखल बसला की ती सडते, उपटून टाकावीच लागते. पथक येईपर्यंत वाफा मोकळा झालेला असतो, मग कागदावर ‘पीक नाही’.

पैशाचं बोलू. आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषात बागायतीला हेक्टरी 17,000 रुपये. म्हणजे वीस गुंठ्यांना साधारण 3,400. पाच फूट बाय सव्वा फुटावर तेवढ्या रानात साडेतीन हजार टोमॅटो बसतात. रोप रुपयाला धरलं तरी ती मदत रोपांतच संपते. बांबू, तार, सुतळी, ठिबक, खत कशातून आणायचं? राज्य वर भर घालतं ती दरवेळी वेगळ्या घोषणेने, आणि ते पैसेही सातबारावर नाव असेल त्यालाच मिळतात. बटईने, म्हणजे दुसऱ्याच्या रानात वाट्याने, राबणाऱ्या बाईचं नाव त्यावर नसतं. कांदा सोडला तर भाजीपाला पीकविम्यातही नाही.

सोयाबीन-कापसाच्या पलीकडेही शेती असते, हे मुंबईत बसून ठरवणाऱ्यांना किती वर्षं सांगायचं? 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, 2025 च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, तेरणा पात्राबाहेर आल्या. आभाळाची दोन्ही टोकं मराठवाड्याने सोसली, पण पाहणीची रीत तसूभर बदलली नाही.

भाजीपाल्याची दुसरी पाहणी पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी, झाड उपटून करा. उपटलेल्या पिकाचा तारखेसह फोटो पुरावा धरा. मदत कसणाऱ्याच्या खात्यावर टाका. आणि हे ऑक्टोबर उलटायच्या आत करा, कारण रब्बी कांद्याचं बी तेव्हाच वाफ्यावर टाकावं लागतं आणि ते उधार मिळत नाही.

आपले,
मांजरा काठचे भाजीपाला उत्पादक