कापडी भासणाऱ्या पिशव्यांचे काय?

ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीबरोबर प्लास्टिकची पातळ पिशवी आजही न मागता हातात पडते. राज्यात अशा पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. तरी कारवाईची गाडी दिसली की पिशव्या गोणपाटाखाली जातात आणि गाडी वळली की पुन्हा बाहेर येतात.

त्याहून फसव्या आहेत त्या रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या. लोक त्या निर्धास्तपणे घेतात. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच. सुती चिंधी जाळली तर राख होते, ही पिशवी मात्र वितळून तिचा कडक गोळा होतो. थोड्या वापरात तिचे तंतू सुटू लागतात आणि पावसात नाल्यांवाटे ठाणे खाडीत जातात. ही खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली. फ्लेमिंगो तिच्याच चिखलात अन्न शोधतात, याचे तरी भान आपण ठाणेकरांनी ठेवायला हवे.

महापालिकेने मंडईच्या तोंडाशीच बचत गटांना जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या विकायला जागा द्यावी. अनामत घेऊन पिशवी देता आली तर उत्तमच. आणि दंड टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीपुरता न ठेवता पिशव्यांच्या घाऊक विक्रेत्यांकडून आधी वसूल करावा. माल तिथूनच येतो.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे