आर्ल म्हणजे फक्त व्हॅन गॉग नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल शहरावर अख्खं पान आलं, बघूनच एवढा आनंद झाला, पण वाचत गेलो तसा हिरमोड झाला कारण सगळं पान एकट्या चित्रकार व्हॅन गॉगनंच भरलंय. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, 1888 च्या फेब्रुवारीत तो तिथे गेला आणि जेमतेम सव्वा वर्षात जे काम करून ठेवलं त्याला तोड नाही. पण ज्या शहराला दोन हजार वर्षांहून जास्त इतिहास आहे त्याचं सव्वा वर्षच सांगायचं हे काही पटलं नाही.

सीझर आणि पाँपे या दोन रोमन सेनानींच्या भांडणात शेजारच्या मार्से शहराने पाँपेची बाजू धरली, तेव्हा आर्लने सीझरला 30 दिवसांत 12 लढाऊ जहाजं बांधून दिली आणि तिथून या गावाचं नशीबच उघडलं. पण मला जास्त वाईट वाटलं ते अँफीथिएटरचं, म्हणजे चहूबाजूंनी प्रेक्षकांना बसायला पायऱ्या असलेल्या रोमन काळातल्या खेळाच्या मैदानाचं. फोटोखाली फक्त 'रोमन स्टेडियम' एवढंच. अहो, पहिल्या शतकाच्या शेवटी बांधलेली, 20,000 माणसं बसतील एवढी ही वास्तू, एकावर एक दोन मजले आणि प्रत्येकात 60 कमानी. रोमन साम्राज्य गेलं, हल्ले सुरू झाले आणि लोक जीव वाचवायला थेट आतच राहायला आले. कमानी बुजवून तटबंदी केली, वर चार बुरूज चढवले, आत दोनशेच्या वर घरं, दोन चॅपल म्हणजे छोटी प्रार्थनामंदिरं, गल्ल्या, म्हणजे खेळाच्या मैदानात एक पूर्ण गावच वसलं आणि ते शेकडो वर्षं नांदलं!

माझं तर ठाम मत आहे की त्या घरांमुळेच ही वास्तू टिकली. तिथून चार पावलांवर रोमन थिएटर आहे त्याचं काय झालं बघा, त्याचे दगड लोकांनी दुसऱ्या बांधकामांसाठी काढून नेले, आज रंगमंचाच्या जागी अखंड असे दोनच खांब उभे आहेत. तिथेच 1651 मध्ये सापडलेली व्हीनस देवीची सुंदर मूर्ती पुढे फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईला भेट दिली गेली आणि आता ती पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहे. ज्या वास्तूत माणसं राहत होती ती मात्र भक्कम उभी आहे आणि आजही तिथे बैलांचे खेळ होतात.

1825 पासून ती घरं पाडून आतलं सगळं मोकळं करायला घेतलं कारण त्या काळच्या लोकांना फक्त रोमन काळच बघायचा होता. मला याची फार हळहळ वाटते, इतक्या पिढ्यांचा संसार तिथे झाला आणि त्याची खूण म्हणून आता फक्त तीन बुरूज राहिलेत. तेवढे ठेवले हे फार बरं केलं. तुमच्या फोटोत त्यातला एक कमानींच्या वर स्पष्ट दिसतोय, चौकोनी, खालच्या रोमन बांधकामापेक्षा अगदी वेगळा, पण लेखात त्याच्याबद्दल एक शब्द नाही.

आत घरं होती तेव्हाची जुनी चित्रं उपलब्ध आहेत. पुढच्या एखाद्या रविवारी त्यातलं एक तरी मोठं करून छापा आणि सोबत त्या आतल्या गावाबद्दल लिहा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक